कोणी गेलेलं नसताना

माझ्या बाबांना रस्त्यानं येताना पाहिलं की बाया डोक्यावर पदर घ्यायच्या. आदरानं नव्हे, धसक्यानं. मारेगावपासून मुकुटबनपर्यंतच्या गावांत त्या काही वर्षांत बाबांची ओळखच तशी होऊन बसली होती. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, खांद्याला शबनम पिशवी. 'ख्रिश्चन मास्तर आले' असं कोणी म्हटलं, की ऐकणारा पहिला प्रश्न हाच विचारायचा, "कोनाकडे झालं?"

मला याचा भारी राग यायचा. "तुम्ही काय यमाचे पोस्टमन आहात का?" असं मी एकदा तोंडावरच म्हटलं. आई कणीक मळत होती, तिनं तिथूनच 'अवं!' केलं. बाबा मात्र शांतपणे चष्मा पुसत म्हणाले, "पोस्टमन आधी येते. मी नंतर जातो." खरंच होतं ते. बाबा नेहमी नंतर जायचे.

कापसाची ती वाईट वर्षं. पेरणी झाली की पाऊस दडी मारायचा, पीक बरं आलं तर बोंडं किडायची, आणि दोन्हीतून वाचलं तर भाव पडायचा. आठवडा असा जात नसे की कुठल्या ना कुठल्या गावात कोणी फवारणीचं औषध प्यायलं नाही. मग गाड्या यायच्या, फोटो निघायचे, पुढारी ओसरीवर दहा मिनिटं बसून जायचे. चार-सहा दिवसांत सगळे पांगायचे. पाहुणेही आपापल्या गावी परत जायचे. घरात राहायची ती बाई, म्हातारी आणि लेकरं. बाबा त्यानंतर जायचे.

हे सुरू झालं ते बाबांच्या एका जुन्या विद्यार्थ्यापासून. बाबा शाळेतून रिटायर होऊन वर्ष झालं नव्हतं. तो गेल्याचं कळलं म्हणून बाबा त्याच्या गावी गेले, तर त्याच्या आईनं त्यांचा हात धरला आणि विचारलं, "मास्तर, तुमी याले गणित शिकवलं, भूगोल शिकवला. जगनं काहून नाही शिकवलं?" बाबा घरी आले ते चपला घालूनच आतल्या खोलीत जाऊन बसले. आम्ही उंबऱ्याच्या आत चप्पल आणली तर घर डोक्यावर घेणारा माणूस! पुढच्या शुक्रवारी ते पुन्हा त्याच घरी गेले. त्यानंतर दर आठवड्याला कुठे ना कुठे.

तिथे जाऊन ते करायचे काय? काहीच नाही. ओट्यावर नाहीतर खाली जमिनीवर बसायचे. पाणी दिलं तर प्यायचे. कोणी बोललं तर ऐकायचे, नाही बोललं तर तासभर गप्प. पिशवीत आईनं बांधून दिलेल्या ज्वारीच्या भाकरी आणि पिठलं असायचं, ते घरातल्या म्हातारीच्या हाती द्यायचे. आमच्या चर्चच्या मंडळीत यावरून कुरबुर होतीच. एवढं जाता तर प्रभूचं वचन सांगा, प्रार्थना करा, नुसतं बसून काय होते, असं आमचे पाळकसाहेबच म्हणायचे. आणि गावात काहींना उलटी शंका, की हा मास्तर बाटवायला तर येत नाही ना! बाबांचं दोघांनाही एकच उत्तर होतं. "दुसऱ्याचं दुःख म्हनजे आपलं व्यासपीठ नाही. त्यायनं म्हटलं तर करीन प्रार्थना." कोणी म्हटलं तर ते खरंच करायचे, दोन वाक्यांची, डोळे उघडे ठेवून. बहुतेक वेळा कोणी म्हणायचं नाही.

हे सगळं मी नागपुरात कोणाला सांगितलं की लोक म्हणतात, काय देवमाणूस होते हो तुमचे बाबा! होते. पण जरा थांबा. गावोगावच्या परक्या ओट्यांवर बसलेला हा देवमाणूस स्वतःच्या पोरीच्या दारात नऊ वर्षं गेला नव्हता.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. संडे स्कूलमध्ये गाणी शिकवायची ती. तिचा आवाज असा होता की तिनं सूर धरला की बायांची सगळी बाजू तिच्या मागून वर चढायची. मारेगावच्या जिनिंगवर कापूस घेऊन येणारा एक मुलगा तिला आवडला. मुकुटबनच्या अलीकडच्या एका खेड्यातला, हिंदू घरातला, स्वभावानं गरीब. यवतमाळला जाऊन दोघांनी लग्न नोंदवलं. ती गेली त्या रविवारी चर्चमध्ये गाणं सुरू झालं आणि वरच्या पट्टीत चढलंच नाही, सगळ्या बाया मधेच थांबल्या. मला इतकं रडू आलं की मी हातरुमाल तोंडात कोंबला.

बाबांचं वागणं दुष्टपणाचं होतं असं मला तेव्हा वाटायचं. आता तसं वाटत नाही. गोष्ट अशी होती, की ताईच्या लग्नाच्या दोन वर्षं आधी मंडळीतल्याच एका मुलानं बाहेर लग्न केलं होतं. तेव्हा चर्चच्या पंचांनी त्याला प्रभुभोजनाच्या पवित्र विधीतून काढलं, आणि त्याच्या घरच्यांनीही त्याच्याकडे जाणंयेणं ठेवू नये असं सांगितलं. त्या पंचांत बाबा होते. नुसते होते असं नाही, ठरावाचा कागद बाबांच्याच सुंदर अक्षरातला होता. त्या मुलाची आई बाबांच्या पाया पडली होती. मग स्वतःच्या पोरीची वेळ आली तेव्हा बाबा आईला म्हणाले, "दुसऱ्याच्या लेकराले जे लावलं ते आपल्या लेकराले नाही लावाचं काय?" झालं! न्याय म्हणजे न्याय. त्या न्यायात आमच्या घराची नऊ वर्षं गेली.

संध्याकाळी आमच्याकडे कौटुंबिक प्रार्थना असायची. सतरंजीवर तिघं बसायचो आणि पाळीपाळीनं प्रार्थना करायचो. बाबांची प्रार्थना लांब. ज्या ज्या घरी जाऊन आले त्या घरांची नावं, त्यांच्या लेकरांची नावं, कोणाची बैलजोडी, कोणाची परीक्षा, सगळं ते देवाला सांगायचे. मग आई. तिची प्रार्थना अगदी छोटी असायची आणि तीत ताईचं नाव असायचंच असायचं. प्रत्येक वाक्याला आमेन म्हणणारे बाबा तेवढ्या वाक्याला गप्प राहायचे. मी डोळे उघडून त्यांच्याकडे बघायचे. त्यांचे डोळे मिटलेले असायचे आणि जबडा घट्ट आवळलेला.

आई मात्र वर्षातून दोनदा वणीच्या दवाखान्यात जाते म्हणून ताईकडे जाऊन यायची. तिला दमा होता, त्यामुळे दवाखान्याचं खपून जायचं. येताना ताईच्या शेतातली तुरीची डाळ आणायची. बाबांना ते ठाऊक होतं आणि आपल्याला ठाऊक आहे हे ते कळू देत नव्हते. त्या डाळीचं वरण केलं की दुसऱ्यांदा मागून खायचे. काय म्हणावं अशा माणसाला!

मीही जायचे अधूनमधून. ताई कधी रडली नाही माझ्यापुढे. ती उन्हानं काळवंडली होती, हात खरखरीत झाले होते, पण तिच्या नवऱ्याचा आणि तिचा संसार हसतखेळत चाललेला मला दिसायचा. गावाच्या दुसऱ्या टोकाला एका घरी बाबा दोनदा बसून गेल्याचं तिला कळलं होतं. तिच्या घरापासून ते घर हाकेच्या अंतरावर होतं. एवढं सांगताना मात्र तिचा आवाज फाटला. "माह्या गल्लीच्या तोंडावरून गेले वं ते. शेजारीन सांगत आली, तुहे बाबा चालले म्हने. मी दारात येऊन उभी राह्यली. त्यायनं मान वर केली नाही."

मग ताईची सासू वारली. लकवा होता, दीड वर्ष अंथरुणाला होती. शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला. आईनं बाबांकडे बघितलं, मीही बघितलं. बाबा उठले, खुंटीवरची पिशवी काढली आणि म्हणाले, "मयत आहे. जावंच लागते." मी म्हटलं, "मी येते."

नऊ वर्षांनी बाबा ताईच्या घरी गेले ते असे. पुरुषमाणसांत ओसरीवर बसले. जावई आला, त्यानं पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच बराच वेळ राहू दिला. आतून ताई बघत होती. मला वाटलं, सुटलो बाई एकदाचे! आईनं दिलेल्या भाकरी मी ताईच्या हाती दिल्या. तासाभरानं बाबा उठले. आमच्या भागात मयतीच्या घरून निघताना 'येतो' म्हणत नाहीत, नुसतं उठून निघायचं. बाबा तशा रूढी मानणारे नव्हते, पण लोकांच्या घरी लोकांची रीत म्हणून पाळायचे. तसेच ते उठून निघाले.

गल्लीच्या कोपऱ्यावर ताईनं गाठलं. पदर डोक्यावर, पाय अनवाणी.

"बाबा."

ते थांबले.

"हे येनं मी धरत नाही. मयतीले तर दुश्मनही येते. तुमी त साऱ्या जगाच्या मयतीले जाता. माह्या घरी कोनी मेलेलं नसताना या."

एवढं बोलून ती वळून गेली. बाबा जीपमध्ये बसले तेव्हा त्यांना दार ओढून घ्यायचंही सुचलं नाही, मी ओढलं. मारेगाव दिसायला लागलं. मग म्हणाले, "लय बारीक झाली ती."

पुढचे काही महिने आमच्या घरात एकच विषय होता आणि त्यावर कोणी बोलत नव्हतं. शेवटी आईनंच तोंड उघडलं. "जा न मंग एक दिवस."

"जाऊन काय सांगू? कशाले आलो म्हनू?"

"बापाले कारन लागते काय?"

बाबा खरोखर अडले होते. आढेवेढे नव्हते ते. मयतीच्या घरी कसं जायचं, कुठं बसायचं, किती वेळ गप्प राहायचं, हे त्यांच्याइतकं कोणाला कळत नव्हतं. पण हसत्याखेळत्या घरी जाऊन 'काय चाललंय' म्हणायचं ते विसरूनच गेले होते. मला पहिल्यांदाच त्यांची दया आली. राग इतका जवळचा होता माझ्या, तो कुठं गेला तेच कळेना.

आणि आड येत होता तो ठरावाचा कागद. एका रविवारी उपासना झाल्यावर बाबा उभे राहिले. पाळकसाहेबांना वाटलं, सूचना असेल. बाबा म्हणाले की त्या मुलाच्या बाबतीत आपण चुकलो, कागद माझ्या हाताचा आहे, चूकही माझीच धरा, आणि आजपासून मला पंचांत मोजू नका. मग बायांच्या बाजूला जाऊन त्या मुलाच्या आईपुढे हात जोडून उभे राहिले. ती म्हातारी झाली होती. माफ केलं असं तिनं म्हटलं नाही. नुसती उठून घरी गेली. बाबांना तेवढं घ्यावं लागलं.

दिवाळी होऊन गेली होती. कापसाची वेचणी जोरात होती. एका मंगळवारी बाबा सकाळीच आंघोळ करून तयार. आईनं सवयीनं भाकरी बांधायला घेतल्या, तर बाबा म्हणाले, "भाकरी नको." बाजारातून अर्धा किलो बालुशाही आणून त्यांनी पिशवीत ठेवली. मला म्हणाले, "चाल." आई दारात उभी राहून हसत होती आणि डोळे पुसत होती.

घोळ तिथूनच सुरू झाला. जीपवाल्यानं बाबांना बघताच पुढची सीट रिकामी केली आणि खालच्या आवाजात विचारलं, "कोनाकडे झालं, मास्तर?"

"कोनाकडेच नाही. पोरीकडे चाललो."

"अरे देवा! पोरीकडे?"

"अरे बापा, कोनी नाही मेलं!"

त्याला पटलं नाही. सबंध रस्ता त्यानं गाण्याची कॅसेट लावली नाही. मला आतून हसू फुटत होतं. बाबा मात्र पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले होते, परीक्षेला निघाल्यासारखे.

गावात उतरलो. पारावरची माणसं उठून उभी राहिली, एकानं टोपी काढली. बाबांनी आयुष्यात केलं नाही ते केलं, सगळ्यांकडे बघून हसले. ते हसणं बघून तर माणसं आणखीच घाबरली. ताईच्या दाराला कडी होती, सगळे वेचणीला गेलेले. आम्ही ओट्यावर बसलो. झालं, बाबा ओट्यावर बसले! पांढरे कपडे, मांडीवर पिशवी, मान खाली, जसे सगळीकडे बसायचे तसेच. कोणी तरी शेताकडे पळालं ते मला दिसलंही, पण त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नाही. शेजारच्या दोघीतिघी पदर डोक्यावर घेऊन येऊन भिंतीशी उभ्या राहिल्या. एकीनं तर डोळ्याला पदर लावलाच. मी म्हटलं, "काही झालं नाही काकू, आम्ही असेच आलो." ती म्हणाली, "हाव माय, हाव. धीर धर."

आणि मग ताई आली. शेतवाटेनं पळत. कमरेला कापूस वेचायची ओटी तशीच बांधलेली, अर्धी भरलेली, पळताना तिच्यातून कापूस सांडत होता. पायात चप्पल नाही. ती लांबूनच ओरडत होती, "आई! आई गेली काय वं! माही आई गेली काय!" आईचा दमा त्या वर्षी वाढला होता. आणि बाबा ओट्यावर बसलेत म्हणजे दुसरं काय असणार? सगळा तालुका जे समजला असता तेच ती समजली.

बाबा उठून उभे राहिले. ती समोर येऊन कोसळणार एवढ्यात त्यांनी तिचे दोन्ही दंड धरले.

"कोनी नाही गेलं. आई बरी आहे. सहज आलो."

तिला ऐकूच गेलं नाही. बाबांनी पिशवी उघडली आणि पुडा बाहेर काढला. "हे पाह्य. मिठाई आनली. मयतीले कोनी मिठाई आनते काय, माय?"

ताईनं पुड्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, आणि दोन्ही मुठींनी त्यांच्या छातीवर मारायला लागली. "असं येते काय कोनी! जीव गेला असता माहा! असं येते काय!" बाबा मार खात उभे होते आणि हसत होते आणि रडत होते. रडायला म्हणून जमलेल्या शेजारणी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. त्यांतलीच एक म्हणाली, "आता चहा मांड न वं, बाप पह्यल्यांदा असा आला."

चहा झाला. बाबा तीन कप प्यायले. जावई शेतातून आल्यावर त्याच्याशी ते कपाशीच्या वाणाबद्दल बोलत बसले. बाबांना शेतीतलं काहीच कळत नव्हतं, तरी बोलत राहिले. निघताना दारात उभे राहून त्यांनी मोठ्यानं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हटलं, "येतो!"

मग ते जातच राहिले. महिन्यातून एकदा तरी. कधी आई सोबत, कधी मी, बरेचदा एकटे. आणखी एक बदल झाला. ज्या घरी ते पूर्वी मयतीनंतर बसून आले होते तिथे आता वर्ष-दोन वर्षांनी साध्या दिवशीही जायला लागले. जाताना पावशेर शेव न्यायचे. मला म्हणाले, "खरं येनं हेच होतं. मी अर्धंच करत होतो." ते दारात दिसले की लोक अजूनही दचकायचे, मग पुडा बघून हसायचे.

आता मी नागपुरात तिसऱ्या माळ्यावर राहते. इथे फोन केल्याशिवाय कोणी येत नाही, आणि आलं तर आधी कारण सांगतं. रविवारी चर्चमध्ये माईक आहे, कीबोर्ड आहे, पण उपासना संपल्यावर सगळे गाड्या काढून निघून जातात. दुपारी कधी बेल वाजली की मनात वेडी आशा येते, की दारात पांढरा सदरा असेल आणि मी विचारीन, "काय हो बाबा, कशाले आले?" कुरिअरवाला असतो. फार आठवण येते मला त्यांची. इतकी, की कधीकधी कुरिअरवाल्याचाच राग येतो.

बाबा गेले ते त्या बालुशाहीच्या दिवसानंतर साडेचार वर्षांनी, मी अजून घरीच असताना, एका गुरुवारी सकाळी, चहा पिता पिता. आई त्यांच्याजवळ बसून राहिली. ताईचा फोन लागत नव्हता, तिच्या गावात रेंज कधी असायची कधी नसायची. कोणा दुसऱ्याच्या तोंडून तिला कळू नये म्हणून मी जीप धरून निघाले. वाटेत वाक्य जुळवत होते. एकही जुळलं नाही. मला वाटलं, मला दारात बघूनच ती समजेल, मला बोलावं लागणार नाही.

ताई अंगणात तुरी वाळत घालत होती. मला बघून तिचं तोंड फुललं. एवढ्या सकाळी बहीण आली, एकटी आली, तरी तिच्या मनात वाईट काही आलं नाही. आमचं येणं तिच्या घरात इतकं साधं होऊन गेलं होतं. "आली काय वं! बाबा मांगून येऊन राह्यले काय?" असं विचारून ती उत्तरासाठी थांबलीही नाही. माझा हात धरून आत नेलं, पाट दिला, स्टोव्हवर चहा ठेवला. बाबांना लागतं म्हणून आलं ठेचून टाकलं, साखर चमचाभर जास्त टाकली. फळीवरून तीन कप काढले, धुतले, ओळीनं मांडले. नवऱ्याच्या काही गमतीजमती सांगत होती, सांगताना एकदा दाराकडे बघून म्हणाली, "रस्त्यात कोनाशी बोलत थांबले असन."

चहा उकळून खाली उतरेपर्यंत मी तिला काही सांगितलं नाही.